अ‍ॅक्सिडेंट सर

गोरेगावच्या बसस्टँडवर उतरून कोणी पटले सरांचं घर विचारलं, की पानठेल्यावरची माणसं आधी एकमेकांकडे बघायची. पटले आमच्या भागात उदंड. मग त्यातला एखादा म्हणायचा, "कोनते पटले जी? अ‍ॅक्सिडेंट सर का?" विचारणारा गोंधळून हो म्हणाला, की सगळे हात एकदम बाजारामागच्या रस्त्याकडे व्हायचे.

सरांना आयुष्यात कधी अपघात झाला नव्हता. ते सायकल चालवायचे, आणि तीही अशी, की मागून येणारी म्हैस पुढे निघून जावी. हे नाव पडलं ते एका शब्दावरून. अकरावीच्या पहिल्या तासाला ते फळ्यावर चार दिशा काढायचे. पूर्व, उत्तर, दक्षिण सरळ इंग्रजीत लिहायचे आणि पश्चिमेशी आल्यावर 'वेस्ट' न लिहिता 'ऑक्सिडेंट' लिहायचे. "हा जुना शब्द आहे," म्हणायचे. "आता कोणी वापरत नाही. जिकडे सूर्य पडतो ती बाजू, असा याचा अर्थ." पोरांनी घरी जाऊन सांगितलं, आज सरांनी अ‍ॅक्सिडेंट शिकवला. तेव्हापासून नाव चिकटलं. सरांच्या कानावर ते होतंच. त्यांनी कधी मनाला लावून घेतलं नाही.

मी त्याच कनिष्ठ महाविद्यालयात मराठी शिकवते. कुडव्याहून स्कूटीने येते. मी नोकरीला लागले तेव्हा स्टाफरूममध्ये एकच खुर्ची रिकामी होती, पटले सरांच्या शेजारची. ती रिकामी का होती, हे मला आठवड्याभरात कळलं. बाकीच्यांना बदल्या, धानाचा भाव, कोणाच्या पोरीचं कुठे जमलं, असल्या गोष्टी बोलायच्या असत. सरांना त्यातलं काहीच बोलता येत नसे. ते खिडकीशी बसायचे, मे महिन्यातही शर्टाच्या बाह्या मनगटापर्यंत बटणं लावून. दुपारी पश्चिमेकडून वारा सुटला की हळूच म्हणायचे, "मॅडम, झेफिर!"

झेफिर म्हणजे पश्चिमेचा वारा. पण तो त्यांच्या पुस्तकातला वारा, मंद आणि गार. आमच्याकडे वैशाखात पश्चिमेकडून येते ती तोंड भाजणारी लू. एकदा प्राचार्य म्हणाले, "सर, ही लू आहे. खिडकी लावून घ्या." सरांनी मुकाट्याने खिडकी लावली आणि माझ्याकडे वळून म्हणाले, "लू आहे, खरं आहे. पण आली तर तिकडूनच ना?"

त्यांची आणखी एक सवय होती. समोरच्याचं इंग्रजी चुकलं तर ते कधी दुरुस्त करायचे नाहीत. तेच वाक्य बरोबर करून असं म्हणायचे, की जणू त्याच्या बोलण्याला दुजोराच देत आहेत. पोरांना वाटायचं सर आपल्याशी सहमत झाले. हळूहळू पोरं बरोबर बोलू लागायची आणि आपण कधी चुकत होतो, हेही त्यांच्या लक्षात राहायचं नाही.

हे जुने शब्द त्यांच्याकडे आले कुठून, ते त्यांनी मला एका पावसाळी दुपारी सांगितलं. बी. ए.ला असताना ते गोंदियाला रेल्वेच्या वस्तीजवळ एका अँग्लो-इंडियन बाईंच्या घरामागच्या खोलीत राहायचे. बाईंचं नाव ग्रेस. नवरा रेल्वेत गार्ड होता, तो कधीच वारला होता. बाईंची नजर गेली होती, म्हणून हा शेतकऱ्याचा पोरगा संध्याकाळी त्यांना वाचून दाखवायचा. बाईंनी गोंदियाच्या पलीकडे फारसं काही पाहिलं नव्हतं. पण इंग्लंडचं नाव निघालं की त्या 'होम' म्हणायच्या. संध्याकाळी पश्चिमेकडे तोंड करून बसायच्या आणि त्या दिशेचे जेवढे शब्द त्यांना ठाऊक होते, ते एकेक करून या पोराला द्यायच्या. झेफिर. हेस्परस, म्हणजे मावळतीला दिसणारी शुक्राची चांदणी. आणि माणूस मेला, असं त्या कधीच म्हणायच्या नाहीत. 'गॉन वेस्ट' म्हणायच्या. गेला पश्चिमेला.

"त्या गेल्या तेव्हा पुरायला चार-पाच माणसं होती," सर म्हणाले. "नात्यातलं कोणी नाही. सगळे तिकडे. मला वाटलं, घरातली भांडीकुंडी तर कोणीही नेईल. हे शब्द कोण नेईल?"

मी त्यांना म्हटलं, आपला पश्चिम शब्दही तसाच आहे. पूर्वेला तोंड करून उभं राहिलं की पाठीमागे येतं ते, पश्चात्, शेवटचं. सरांनी डब्यातली पोळी खाली ठेवली. "म्हणजे आपल्याला ते दिसतच नाही?" त्यांनी विचारलं. घंटा झाल्यावर हजेरीपुस्तक उचलून निघाले आणि दारातून वळून मला म्हणाले, "थँक यू, मॅडम." इतकं मनापासून, की मीच ओशाळले.

अशा माणसाला त्रास होतो तो झाला. एका वर्षी पालकसभेत तिरोड्याकडचे एक गृहस्थ उभे राहिले. त्यांना पोराला तिथल्या वीज कारखान्यात लावायचं होतं. ते म्हणाले, "सर, तुमी जे सिकवून राहिले, ते मोबाइलवर बी कोनी बोलत नाई. ह्या शब्दायनं माह्या पोराले नोकरी लागन का?"

सर उठले आणि म्हणाले, "नाही लागणार."

गृहस्थ तयारीनं आले होते, पण या उत्तराची त्यांची तयारी नव्हती. सर पुढे म्हणाले, "तुमचं बरोबर आहे. रविवारी सकाळी पाठवा त्याला. नोकरीचं इंग्रजी रविवारी शिकवतो."

आणि खरोखर त्या रविवारपासून त्यांच्या ओसरीवर पोरं बसू लागली. तिथे झेफिर नव्हता, हेस्परस नव्हता. 'माझं नाव अमुक, मी तमुक गावचा, मला हे काम येतं,' एवढंच. मुलाखतीला बसायचं कसं, डोळे कुठे ठेवायचे, माहीत नसेल तर 'माहीत नाही' कसं म्हणायचं. बरीच पोरं लागली. वर्गात मात्र फळ्यावर ऑक्सिडेंट तसाच राहिला.

सरांच्या घरी मी सणासुदीला जायची. घर लहान, मागे बांध्या, म्हणजे धानाचे वाफे, थेट तलावापर्यंत. त्यांच्या पत्नीला मी वहिनी म्हणायची. वहिनी चौथी शिकलेल्या. बोलणं रोखठोक. नवऱ्याच्या इंग्रजीबद्दल त्यांचं मत ठरलेलं होतं. "लगन झालं तवापासून आयकून राहिली जी. एक बी शब्द घरात कामाचा नाई." सर हसायचे. दोघांना एकच मुलगा, शैलेश. तो पुण्याला एका कंपनीत. आमच्या भागातली शिकलेली पोरं जातात ती पश्चिमेलाच. नागपूर, नाहीतर पुणे-मुंबई. सर म्हणायचे, "आमचं ऑक्सिडेंट पुण्यात आहे." स्वतः ते नागपूरच्या पलीकडे कधी गेले नव्हते. रिटायर झाल्यावर दोघं पुण्याला जाणार, तिथून शैलेश त्यांना समुद्र दाखवायला नेणार, असं घरात पाच-सहा वर्षं चाललं होतं. समुद्राची हौस वहिनींना होती. सरांना नव्हती. "मी गेलो नाही म्हणून ते सगळं माझ्याकडे शाबूत आहे," असं काहीतरी ते एकदा म्हणाले होते, आणि वहिनी म्हणाल्या होत्या, "तुमच्या शाबूताच्या पायी मी कायले राहू?"

सर रिटायर झाले. तिकिटं काढायची बोलणी सुरू झाली. त्याच हिवाळ्यात, बाजाराच्या दिवशी, ते भाजी घेऊन सायकलने परत निघाले आणि बसस्टँडजवळच्या पुलियेवर पडले.

पुढचं मला दिनेशने सांगितलं. दिनेशचा तिथे पानठेला आहे. तो सरांचाच विद्यार्थी. त्याने सायकल पडल्याचा आवाज ऐकला आणि धावत गेला. सर आडवे, पाय सायकलखाली, गुडघा फुटलेला, वांगी रस्त्यावर. त्याने त्यांना बसवलं. तोंडातून शब्द नीट येत नव्हते. दिनेशने विचारलं, "सर, काय झालं? कोनं ठोकलं?"

सर म्हणाले, "ऑक्सिडेंट. ऑक्सिडेंट."

दिनेशला काय कळायचं? सायकल पडलेली, रक्त आलेलं, आणि सर स्वतःच्या तोंडाने सांगून राहिलेले. कोणीही तेच धरलं असतं. त्याने ठेला उघडा टाकला, ऑटो थांबवला आणि सरांना हाडाच्या दवाखान्यात नेलं. तिथेही विचारलं, काय झालं? दिनेश म्हणाला, अ‍ॅक्सिडेंट. सरांनी मान हलवून तोच शब्द पुन्हा म्हटला. मग पायाचा एक्स-रे झाला. उजवा हात उचलता येत नव्हता, म्हणून खांद्याचा झाला. गुडघ्याला टाके पडले. इंजेक्शन दिलं, सर झोपले. सगळ्यांना वाटलं, म्हातारा माणूस, घाबरलाय. वहिनी पोहोचल्या तेव्हा ऊन उतरलं होतं. त्यांनी एकदा चेहऱ्याकडे पाहिलं आणि ओरडल्याच. "तोंड वाकडं झालं त्यायचं! हे पडनं नाई जी, हा लकवा होय!"

गोंदियाला नेलं तेव्हा अंधार पडला होता. तिथल्या डॉक्टरांनी मेंदूचा फोटो काढला आणि शांतपणे हिंदीत सांगितलं, "देखिए, लकवे में पहले कुछ घंटे ही असली होते हैं. वो निकल गए. जल्दी लाते तो बात अलग थी."

उजवी बाजू गेली होती. वाचा गेली होती. डॉक्टरांनी समजावलं, डोक्यात भाषेची जी जागा असते तिथेच मार बसलाय. कोणाची आईची भाषा आधी परत येते, कोणाची नंतर शिकलेली. यांची काय येते, बघू.

दिनेश नंतर वहिनींकडे आला. ओसरीच्या पायरीवर बसला, आत येईना. "काकू, मीच चुकीच्या जागी नेलं," म्हणाला. "सरायनं तो शब्द मले वर्गात सिकवला होता. तरी माह्या ध्यानात आला नाई."

वहिनी म्हणाल्या, "त्या दिवशी बजार भरला होता. एवढी मानसं होती. उचललं कोनं? तू उचललं ना? मंग उठ, आत ये, त्यायले कुशीवर कराले हात लाव." तेव्हापासून दिनेश रोज सकाळी ठेला उघडायच्या आधी यायचा आणि सरांना उचलून आंघोळीला बसवायचा.

सरांची मराठी परत आली नाही. घरची पोवारी बोलीही नाही. बायकोचं नाव नाही, मुलाचं नाव नाही, पाणी नाही, भूक नाही. परत आले ते ग्रेसबाईंचे शब्द. सात-आठच. स्पष्ट, शुद्ध, वर्गात म्हणायचे तसे.

वहिनींनी मला निरोप पाठवला. "मॅडम, तुमी त्यायच्या बाजूले बसत होत्या. तुमाले समजते ते बोलनं. येऊन मले सांगा, काय मांगून राहिले."

मी गेले. सर खाटेवर, खिडकीकडे डोकं. मला पाहून त्यांचा चांगला डोळा भरला. ते म्हणाले, "वेस्टवर्ड." मी वहिनींना म्हटलं, याचा अर्थ पश्चिमेच्या दिशेला. वहिनींनी खिडकीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. "मंग काय करू?" आम्ही खाट फिरवली. सर चिडले. डाव्या हाताने गादी आपटू लागले. "वेस्टवर्ड! वेस्टवर्ड!" थोड्या वेळाने खोलीत वास पसरला तेव्हा आम्हाला कळलं, त्यांना कशासाठी न्यायचं होतं. सरांनी डोळे मिटून घेतले. वहिनी मला म्हणाल्या, "तुमी बाहेर बसा जी." आणि त्यांनी बादली आणली.

मी त्यानंतर अर्थ सांगायचे जवळजवळ बंद केले. उपयोगच नव्हता. शब्द जुनेच होते, पण सर त्यांच्याकडून दुसरी कामं करून घेत होते. ती कामं कोणती, हे वहिनी हळूहळू शिकल्या. त्यासाठी त्यांना रोज चुकावं लागलं आणि रोज त्यांचा राग खावा लागला. वेस्टवर्ड म्हणजे बाहेर न्या. झेफिर म्हणजे पंखा लावा, आणि थंडीत झेफिर म्हणजे अंगावरचं पांघरूण काढा. ऑक्सिडेंट म्हणजे कूस बदला. सनडाऊन म्हणजे जेवण पुरे, ताट उचला. लग्नापासून ज्या शब्दांना वहिनी बिनकामाचे म्हणत आल्या, त्यांच्यावर आता घर चालू लागलं. त्या स्वयंपाकघरातून ओरडून विचारायच्या, "झेफिर का जी? का ऑक्सिडेंट?" शेजारच्या बायांना हसू यायचं. वहिनींना हसायला वेळ नव्हता.

एकदा मी म्हटलं, "वहिनी, आणि हेस्परस?"

"ते मी होय," त्या म्हणाल्या.

"कशावरून?"

"मी दाराबाहेर गेली का ते म्हनते. मी आली का चूप होते."

मी त्यांना सांगितलं, हेस्परस म्हणजे संध्याकाळची चांदणी. त्यांनी ऐकून घेतलं. "असन," म्हणाल्या, आणि तांदूळ निवडू लागल्या.

हे वाचायला बरं वाटतं, पण ते घर बरं नव्हतं. शैलेशने माणूस ठेवून दिला होता, तो आठवड्याभरात न सांगता निघून गेला. दुसरी बाई आली, तीही टिकली नाही. दिनेशची मदत सकाळची तेवढीच. सरांच्या पाठीला जखमा झाल्या, त्या बऱ्या होईनात. खोलीत औषधाचा आणि कुजल्याचा वास बसला. भेटायला येणारे आधी फळं घेऊन आत बसायचे. मग ओसरीवरूनच विचारपूस करू लागले, आणि मग आलेच नाहीत. ज्यांना रविवारी नोकरीचं इंग्रजी शिकवलं, त्यातले दोघंतिघं कधीमधी यायचे. बाकीच्यांना दोष तरी काय द्यायचा? ते नोकरीला लागले होते.

एके दिवशी मी पोहोचले तेव्हा वहिनी मागच्या अंगणात धानाच्या तणसाच्या ढिगाला टेकून उभ्या होत्या. गालावर बोटं उठली होती. आत ताट उपडं पडलेलं, भात भिंतीपर्यंत उडालेला. सरांना काहीतरी हवं होतं. त्यासाठी त्यांच्याकडच्या सात-आठ शब्दांत शब्दच नव्हता. वहिनींनी एकेक करून सगळं विचारून पाहिलं होतं. शेवटी त्या तोंड पुसायला वाकल्या, तेव्हा त्यांनी चांगल्या हाताने मारलं.

"आयुष्यात हात नोता उचलला," वहिनी म्हणाल्या. रडत नव्हत्या. "काय पायजे होतं त्यायले, मॅडम? मले तेवढंच समजलं पायजे होतं."

मी म्हटलं, "कोणालाच कळलं नसतं."

"कोनाले कायले समजन? मीच हाओ ना इथं." मग त्यांनी पदर खोचला आणि आत गेल्या. मी दारातून पाहिलं. सर तोंड भिंतीकडे करून पडले होते, खांदा हलत होता. वहिनी खाली बसून भाताची शितं गोळा करू लागल्या. दोघं एकमेकांकडे बघत नव्हती. सर म्हणाले, "हेस्परस." वहिनींनी उत्तर दिलं नाही. ते पुन्हा म्हणाले. मग त्या म्हणाल्या, "हाओ जी. हाओ मी इथंच."

दिवाळीला शैलेश आला. मी फराळाचा डबा घेऊन गेले होते. पोरगा वाईट नव्हता. रोज फोन करायचा, पुण्याच्या डॉक्टरांना कागद दाखवायचा. पण फोनवर दिसतो तो बाप वेगळा आणि खाटेवरचा वेगळा. तो गुडघे टेकून बसला आणि वडिलांचा हात हातात घेतला. "बाबा, मी आलो. ओळखलं का? मी कोण?"

सर बराच वेळ बघत राहिले. ओठ दोनदा उघडले आणि मिटले. मग सावकाश, एकेक अक्षर नीट लावून म्हणाले, "गॉन वेस्ट."

शैलेशने हात सोडला. तो उठून अंगणात गेला आणि तुळशीजवळ पाठ करून उभा राहिला. मी बाहेर आले तेव्हा म्हणाला, "मॅडम, तुम्हाला तरी माहीत आहे ना याचा अर्थ? आमच्या घरी हे फक्त मेलेल्यांसाठी म्हणायचे. आजोबा गेले तेव्हा. आमचा कुत्रा मेला तेव्हा. मी लहानपणापासून ऐकलंय. मी तिकडे राहिलो म्हणून ना? त्यांच्या लेखी मी मेलो."

अर्थ तोच होता. मी नाही कसं म्हणणार?

वहिनी ओल्या हातांनी दारात आल्या होत्या. त्यांनी सगळं ऐकलं होतं. "काय बोलून राहिला रे तू?" त्या म्हणाल्या. "त्यायले तुझं नाव सापडून नाई राहिलं. म्हनून तू जिकडं गेला, ते सांगून राहिले. माहा तो, पश्चिमेले गेला तो. एवढंच होय."

"तुला काय माहीत, आई?"

"मले नाई माहीत," त्या म्हणाल्या. "पन मी तसंच धरते. तू बी तसंच धर."

शैलेश पुन्हा आत गेला की नाही, ते पाहायला मी थांबले नाही. मला एवढं कळलं, की तो भाऊबीज झाल्यावरही आठवडाभर राहिला, आणि दोघांना पुण्याला न्यायचं म्हणाला. घर मोठं आहे, लिफ्ट आहे, चोवीस तास बाई ठेवू. वहिनींनी सगळं ऐकून घेतलं आणि नाही म्हटलं. "इथं त्यायचं बोलनं मले समजते. तिथं त्या बाईले मी कवा सिकवू? तवरीक त्यायनं कोनाले सांगायचं?" मला वाटतं, त्या वेळी त्यांना समुद्राची आठवणही झाली नसावी.

थंडी वाढली तसे सरांचे शब्द गळू लागले. मी गेले की वहिनी घरातल्या आजाऱ्याची बातमी द्यावी तशी शब्दांची बातमी द्यायच्या. "सनडाऊन आता येत नाई जी. ताट नुसतं ढकलते." मग वेस्टवर्ड गेला. मग ऑक्सिडेंट. आता कूस कधी बदलायची, ते वहिनी घड्याळाकडे बघून ठरवू लागल्या. झेफिर बरेच दिवस टिकला. शेवटी हेस्परस तेवढा राहिला, आणि एके दिवशी तोही नव्हता. त्या दिवशी वहिनी पहिल्यांदा माझ्यासमोर रडल्या. म्हणाल्या, "मी दाराबाहेर जाऊन उभी राहिली, मॅडम. लय वेळ उभी राहिली. आवाजच आला नाई."

सर वारले ते उन्हाळा लागता लागता, पहाटे. कॉलेजने एक तास आधी सुट्टी दिली. प्रार्थनेच्या वेळी नव्या मुलांपैकी कोणी तरी विचारलं, कोण सर? दुसऱ्याने ते 'अ‍ॅक्सिडेंट' नाव सांगितलं, आणि ओळीत थोडी खसखस पिकली. मग दिनेश आणि रविवारची काही पोरं, त्यांनीच खांदा दिला. शैलेश वेळेवर पोहोचला.

मी सरांना शेवटचं पाहिलं ते त्याच्या चार-पाच दिवस आधी. कॉलेज सुटल्यावर अवेळीच वळले होते. फाटक उघडं होतं. अंगणात कडुनिंबाच्या सावलीत सरांना खुर्चीत बसवलं होतं, उजव्या बाजूला उशा लावून, छातीभोवती लुगड्याने बांधून. तोंडभर साबणाचा फेस. वहिनी समोर वाकून त्यांची दाढी करत होत्या. हे काम एरवी दिनेशचं, त्यांना आधी कधी करावं लागलं नसणार. जिभेचं टोक दातात धरलं होतं, आणि डाव्या हाताच्या दोन बोटांनी सरांचं नाक वर उचललं होतं, ओठावरचे केस काढायला. सर अगदी शहाण्यासारखे बसले होते. तिथलं झालं, तशी त्यांनी आपणहून हनुवटी वर केली आणि मान मोकळी करून दिली, न्हाव्यापुढे पुरुष करतात तशी. वहिनींनी पातं गळ्याशी नेलं आणि फार हळू, श्वास धरून वर ओढलं.

स्कूटी बंद झाल्याचा आवाज त्यांना आला असावा. मान न वळवताच त्या म्हणाल्या, "मॅडम, थोड्या वेळानं या जी. आता हात थांबवता येत नाई."

मी फाटक ओढून घेतलं आणि निघाले.